नाव शुल्काचं, काम कराचं

'कर वाढवणार नाही' असं म्हणायला उमेदवाराला काहीच खर्च येत नाही. निवडून आल्यावर पैसे काढायला त्याला 'कर' हा शब्द वापरावाच लागत नाही. शुल्क, उपकर, अधिभार, भाडे-सुधारणा, अशी कितीतरी नावं तयार असतात.

मुंबईचंच बघा. 2017 च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचं वचन दिलं. 2019 मध्ये माफी आली, पण फक्त 'सर्वसाधारण कर' या एका घटकापुरती. पाणी, मलनिःसारण, शिक्षण उपकर वगैरे बिलात जागच्या जागी राहिले. पूर्ण माफीला जानेवारी 2022 उजाडलं, म्हणजे पुढची निवडणूक दिसू लागल्यावर. मग एप्रिल 2025 मध्ये महापालिकेने घनकचऱ्याच्या नव्या उपविधींचा मसुदा काढला. त्यात 50 चौरस मीटरपर्यंतच्या घराला दरमहा 100 रुपये 'वापरकर्ता शुल्क' सुचवलं होतं. 50 चौरस मीटर म्हणजे 538 चौरस फूट. ज्या घराचा कर माफ झाला, त्याच घराला वर्षाला 1200 रुपयांचं शुल्क! आणि जाब विचारायला नगरसेवकही नव्हते. मार्च 2022 पासून कारभार प्रशासकाकडे होता. लोकांनी विरोध केला तेव्हा प्रस्ताव बाजूला ठेवला गेला.

ही युक्ती काही आपल्याकडचीच नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात 2002 साली टिम पॉलेंटी यांनी 'नवे कर लावणार नाही' या लेखी प्रतिज्ञेवर सही केली आणि ते गव्हर्नर झाले. तिजोरीत अब्जावधी डॉलरची तूट होती. विद्यापीठांच्या अनुदानाला कात्री लागली, विद्यार्थ्यांची फी वाढली. 2005 मध्ये बजेटवरून राज्य सरकारचं काम अंशतः बंद पडलं. ते सुटलं ज्या तडजोडीने, तिच्यात सिगारेटच्या पाकिटामागे 75 सेंट होते. त्याचं नाव 'आरोग्य परिणाम शुल्क'. हा कर नाही, शुल्क आहे, असं गव्हर्नर सांगत राहिले. 2006 मध्ये ते पुन्हा निवडून आले.

आमच्या कामात व्हेरिएबलचं नाव बदलून आकडा तोच ठेवला, तर रिव्ह्यू करणारा दोन मिनिटांत पकडतो. राजकारणात तो रिव्ह्यू मतदारानेच करायचा असतो.

नोव्हेंबर 2024 मध्ये महायुतीने कोल्हापुरात दहा वचनं जाहीर केली. कर किंवा भाडं वाढवणार नाही असं कुठे लिहून दिलेलं नव्हतं, हे मान्य. पण जीवनावश्यक वस्तूंच्या किमती स्थिर ठेवू, असं वचन त्यांत होतं. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, 1 फेब्रुवारीपासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं 23 वरून 26 रुपये झालं. दोन्ही निर्णय परिवहन प्राधिकरणाच्या बैठकीतले. अर्थसंकल्पावर सभागृहात चर्चा तरी होते, इथे तीही नाही.

त्याआधी, ऑक्टोबर 2024 मध्ये, आचारसंहिता लागण्याच्या तोंडावर मुंबईच्या पाच नाक्यांवर कारचा टोल माफ झाला. त्याचा गाजावाजा झाला. त्याच सुमारास अध्यादेशाने 100 रुपयांचा स्टॅम्प 500 चा झाला, त्याची जाहिरात कुणी केली नाही. दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना यातून सूट असल्याचं महसूलमंत्र्यांनी जाहीर केलं ते 2025 मध्ये.

कर वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. एसटीला नव्या गाड्या हव्यात, चालक-वाहकांना वेळेवर पगार हवा, आणि तो पैसा कुठून तरी येणारच. पण आयकर कमाई बघून लागतो. 500 चा स्टॅम्प हा मालेगावच्या यंत्रमाग कामगाराला आणि माझ्यासारख्या पगारदाराला सारखाच. एसटीचं तिकीटही तसंच, आणि माझ्यासारख्याला तर एसटीशिवाय दुसरे पर्यायही असतात. आपल्या वस्त्यांत आयकर भरणारे थोडे, शुल्क भरणारे सगळे. म्हणूनच 'गरीब कर भरत नाहीत' हे वाक्य ऐकलं की मला राग येतो.

तेव्हा उमेदवार मोहल्ल्यात आला की 'कर वाढवणार का?' एवढंच विचारून सोडू नका. पाच वर्षांत पाणी, कचरा, वीज, एसटी, स्टॅम्प, परीक्षा फी यांतलं काय वाढेल आणि ते सभागृहात ठरेल की प्राधिकरणाच्या बैठकीत, हे लिहून मागा. तो लिहून देणार नाही, तर त्याची टाळाटाळ मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.

कचऱ्याच्या त्या मसुद्यावर हरकती पाठवायला 31 मे 2025 पर्यंत मुदत होती. असे मसुदे सरकारी मराठीत असतात. आपल्या अनेक घरांत वडीलधारे उर्दू वाचतात, मराठी अडखळत. पुढचा मसुदा निघेल तेव्हा अब्बांना आणि शेजारच्या खालांना तो वाचून दाखवायचं आणि त्यांच्या हरकती लिहून द्यायचं काम मराठी शाळेत शिकलेल्या तुमच्या-माझ्याकडेच येणार आहे.