एकचाकी विजेची गाडी : खेळणं, वाहन की संकट?

गेल्या महिन्यात एक पालक घरी आल्या. पालक म्हणजे माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या आई. मुलगा दहावीला माझ्या वर्गात होता, आता पॅरिसला नोकरी करतो. चहा झाल्यावर त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. फोटोत डाव्या हाताला प्लास्टर आणि चेहऱ्यावर तेच शाळेतलं हसू. "सर, तुमचं तो ऐकतो. ते एका चाकाचं भूत विकून टाक म्हणावं त्याला."

मी लगेच हो म्हणालो नाही. ज्या वस्तूबद्दल आपल्याला धड माहिती नाही, तिच्याबद्दल सल्ला देऊ नये, असं मी वर्गात सांगत आलो आहे. मग मी वाचलं, व्हिडिओ पाहिले, त्या पठ्ठ्याशी दोन वेळा तासतासभर बोललो. त्यातून माझं जे मत झालं ते इथे लिहितो आहे. नववी-दहावीची मुलं हे व्हिडिओ हल्ली आवडीने बघतात, त्यांनाही उपयोग होईल.

आधी वस्तू समजून घेऊ. सर्कशीत विदूषक एका चाकाची सायकल चालवतो ती आपण पाहिलेली असते. तिला सीट असते, पायडल मारावे लागतात. ही इलेक्ट्रिक युनिसायकल वेगळी. मधोमध एकच जाड टायर, चाकाच्या आतच मोटार, दोन्ही बाजूंना बॅटऱ्या आणि पाय ठेवायला दोन पट्ट्या. सीट बहुतेकांना नसते, हँडल तर नसतंच. माणूस उभा राहतो, पुढे झुकला की गाडी पुढे जाते, मागे रेलला की थांबते. डीन केमन यांनी २००१ साली दोन चाकांची सेगवे जगापुढे आणली तेव्हा तिचा फार गाजावाजा झाला होता. २०२० मध्ये तिचं उत्पादन बंद पडलं. एका चाकाची ही कल्पना मात्र टिकली. अमेरिकेतले शेन चेन यांनी २०१० च्या सुमारास 'सोलोव्हील' आणलं, त्याचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास होता. सायकलीइतकाच म्हणा ना. आज चिनी कंपन्यांच्या मोठ्या एकचाकी ताशी ८० च्या पुढे जातात. सगळी गोम या दोन आकड्यांच्या मधे आहे.

आता थोडा विज्ञानाचा तास. वर्गातली छडी (हल्ली छडी फक्त याच प्रयोगाला उरली आहे) तळहातावर उभी धरा. छडी पुढे कलली की आपण काय करतो? हात पुढे नेतो. मागे कलली की मागे. हात छडीच्या खाली ठेवण्याची ही धडपड म्हणजेच तोल. एकचाकीत छडी म्हणजे माणूस आणि हात म्हणजे चाक. आतला जायरोस्कोप क्षणोक्षणी कल मोजतो आणि मोटार चाकाला माणसाच्या खाली आणते. हे फक्त पुढे-मागे होतं. डावी-उजवी बाजू माणसालाच सांभाळावी लागते, अगदी सायकलीसारखी. म्हणून पहिले काही दिवस शिकणारा माणूस कुंपण नाहीतर भिंत धरून चालतो आणि नडग्या सोलून घेतो.

सायकलीचा ब्रेक निकामी झाला तरी सायकल उभी राहते, आपण पाय टेकू शकतो. मोटारसायकल बंद पडली तरी ती घरंगळत पुढे जाते. एकचाकीत मोटार, ब्रेक आणि तोल हे तिन्ही एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत. मोटार कमी पडली की चाक माणसाच्या खाली येत नाही, आणि माणूस सरळ तोंडावर आपटतो.

मोटार कमी का पडते? फिरणारी मोटार स्वतःच उलट दिशेचा विद्युतदाब तयार करते, आणि वेग वाढेल तसा तो वाढतो. बॅटरीचा दाब वजा हा उलटा दाब, जे उरेल त्यावर मोटारीची ताकद. बऱ्याच मध्यम आकाराच्या एकचाकींत २० सेल एकापुढे एक जोडलेले असतात. सेल पूर्ण भरलेला असला की ४.२ व्होल्ट, म्हणजे एकूण ८४. उतरत आला की ३.३ धरा, म्हणजे ६६. समजा एका वेगाला उलटा दाब ५० व्होल्ट आहे. सकाळी हाताशी ३४ व्होल्ट शिल्लक आणि संध्याकाळी फक्त १६. वेग तोच, रस्ता तोच, माणूस तोच, पण शिल्लक निम्म्याहून कमी. त्यात एखादा खड्डा आला किंवा वारा समोरून लागला, तर मोटारीला अचानक जी जादा ताकद लागते ती द्यायला काही उरलेलंच नसतं.

आमच्या विद्यार्थ्याचं नेमकं हेच झालं. संध्याकाळची वेळ, बॅटरी पाव भागही नाही, आणि साहेब ताशी चाळीसने निघालेले. गाडी आधी इशारा देते, शिट्टी वाजवते, पट्ट्या मागे कलवून माणसाला हळू व्हायला लावते. "सर, शिट्टी वाजत होती, पण ती रोजच वाजते," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, शाळेची घंटाही रोजच वाजायची. तेव्हाही तू उशिराच यायचास."

ताशी ४० ने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण ६ मीटर उंचीवरून खाली पडणं. दोन मजली घराची गच्ची. ताशी २५ असेल तर ही उंची अडीच मीटरच्या आत येते, आणि ताशी ५० ला जवळजवळ १० मीटर. वेग दुप्पट, उंची चौपट. हे गणित दहावीच्या मुलांनी स्वतः करून बघावं. सूत्र पुस्तकात आहे.

एवढं वाचून कोणालाही वाटेल की सर आता बंदीची मागणी करणार. तसं नाही. कारण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. त्याचं घर ते ऑफिस अंतर नऊ किलोमीटर. पूर्वी दोन मेट्रो बदलून जायचा. आता सायकलच्या मार्गिकेवरून जातो, ऑफिसात गाडी टेबलाखाली सरकवतो. पार्किंग शोधायला नको, चोरीची भीती नको. वीजही किती लागते बघा. अशा गाडीला किलोमीटरला साधारण २० वॉट-तास लागतात, म्हणजे एका युनिटमध्ये पन्नासेक किलोमीटर. माणसाचं वजन आणि वेग यांवर ते कमीजास्त होतं. आपल्या हॉलमधला ७५ वॉटचा पंखा तासभर फिरला, तर तेवढ्या विजेत हा तीन-साडेतीन किलोमीटर जाऊन येईल. एका माणसाला नेण्यासाठी हजार किलोची मोटार रस्त्यावर काढणाऱ्यांनी या गाडीला खेळणं म्हणून हसू नये.

अर्थात गैरसोयी आहेतच. त्याच्या गाडीचं वजन पंचवीस किलो आहे, म्हणजे सिमेंटची अर्धी गोणी. लिफ्ट बंद असली की नोकरीचं प्रेम कळतं. पंक्चर झालं तर मोटार चाकातच असल्यामुळे अर्धी गाडी उघडावी लागते, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला कामाचा नाही. आणि विमानातून गावी न्यायची म्हटलं तर विसरा. १६० वॉट-तासांवरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही, आणि या गाड्यांच्या बॅटऱ्या तिच्या कितीतरी पट मोठ्या असतात.

आता मातीच्या वाटांकडे वळू. मुलांना व्हिडिओत आवडतं ते हेच. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत लोक या गाड्यांवरून दगडगोट्यांतून उतरतात, ओंडक्यांवरून उड्या मारतात. २०२० च्या सुमारास शॉकअब्सॉर्बर असलेल्या एकचाकी बाजारात आल्या आणि हा प्रकार वाढला. त्यासाठी खाचांचा जाड टायर लावतात, हवा थोडी कमी ठेवतात, गुडघे वाकवून उभे राहतात. नडगीच्या पुढे आणि पोटरीच्या मागे टेकायला उशा बसवतात, म्हणजे ब्रेक मारताना जोर लावता येतो. पायाच्या पट्ट्या जमिनीपासून फार वर नसतात, त्यामुळे दगडाला पट्टी लागली की माणूस बाजूला फेकला जातो.

मला आधी वाटलं, हे तर शहरापेक्षा भयंकर. पण विचार केल्यावर माझं मत उलटं झालं. खडबडीत वाट माणसाला हळू ठेवते. ताशी दहा-पंधराने चालताना मोटारीच्या हाताशी भरपूर दाब शिल्लक असतो, आणि पडलंच तर मातीवर, कमी वेगाने. गुळगुळीत डांबर मात्र फसवतं. तिथे काहीच जाणवत नाही, आणि वेग कधी चाळीस झाला ते कळतही नाही. बाकी डोंगरातही भौतिकशास्त्र सुट्टीवर जात नाही. लांब चढावर मोटार आणि तिचं सर्किट तापतं. उतारावर तर गंमतच आहे. ब्रेक लावताना मोटार जनित्र होते आणि वीज परत बॅटरीत भरते. बॅटरी आधीच शंभर टक्के भरलेली असेल तर ती वीज जाणार कुठे? म्हणून डोंगरमाथ्यावर राहणाऱ्याने बॅटरी काठोकाठ भरून उतरायला सुरुवात करू नये. हे मला त्यानेच सांगितलं, आणि मला ते फार आवडलं.

दुसऱ्याच्या वाटेचाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या वनखात्याच्या जमिनीवर विजेवरची सायकलसुद्धा मोटार-वाहनात मोडते, मग एकचाकीने पायवाटेवर हक्क सांगू नये हे मला पटतं. पायी चालणारा माणूस शांततेसाठी आलेला असतो. आमचा विद्यार्थी ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या खाजगी रानात चालवतो, विचारून. तेच बरोबर.

कायद्याच्या बाबतीत युरोपात गंमतच आहे. जर्मनीने २०१९ मध्ये विजेच्या छोट्या वाहनांना परवानगी दिली, पण धरायला दांडा हवा अशी अट घातली. एकचाकीला दांडा नाही, म्हणून ती बाहेर. ब्रिटनमध्ये तिला सार्वजनिक रस्त्यावर आणि फुटपाथवर बंदी, फक्त मालकाच्या परवानगीने खाजगी जागेत. फ्रान्सने त्याच २०१९ साली वेगळा विचार केला. वेग ताशी २५ च्या आत, फुटपाथवर नाही, विमा हवा. किमान वय २०२३ पासून १४ वर्षे. मला फ्रान्सचा नियम शहाणपणाचा वाटतो. दांडा असल्याने माणूस वाचत नाही, वेग कमी असल्याने वाचतो. आपल्याकडे ताशी २५ किलोमीटर आणि २५० वॉट या मर्यादेतल्या विजेच्या दुचाकींना नोंदणीतून सूट मिळते. हजार-दोन हजार वॉटच्या एकचाकी त्यात बसतच नाहीत, त्यामुळे सोसायटीच्या आवारातच त्यांचं राज्य. आणि आपल्या कितीतरी रस्त्यांवर ऑफ-रोडचा वेगळा सराव करायची गरज नाही, हा भाग निराळा.

पण फ्रान्सचा नियम कागदावर आहे आणि दुकानात ताशी ६०-७० वाली गाडी मिळते, तिथेच माझा राग आहे. गाडीचा कमाल वेगच २५ च्या वर असेल तर तिथे १५०० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. तरीही विकणारा विकतो, घेणारा घेतो, आणि व्हिडिओवाला वेगाच्या आकड्यावर लाइक मिळवतो. मनगट मोडतं ते मात्र एकाचंच. कंपन्यांनी गेली काही वर्षं वेग वाढवण्यात जी हुशारी खर्च केली, तीच वजन कमी करण्यात आणि एक सर्किट निकामी झालं तर दुसऱ्याने तोल सांभाळावा यात खर्च केली असती तर मी या गाडीची जाहिरात फुकट केली असती.

शेवटी मी त्याला फोन केला. विकू नकोस म्हणालो. मात्र नवी, मोठी, जास्त वेगाची घ्यायचा त्याचा विचार होता, त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. गाडीच्या ॲपमध्ये कमाल वेग बांधून ठेवता येतो, तो २५ वर बांध, तोंड झाकणारं हेल्मेट आणि मनगटाच्या पट्ट्या घाल, बॅटरी तिसऱ्या हिश्शावर आली की मेट्रोने जा. "सर, पंचवीसने ऑफिसला किती मिनिटं जास्त लागतील?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नऊ किलोमीटर. चाळीसने आणि पंचवीसने. कर गणित." थोडा वेळ फोनवर शांतता. मग म्हणाला, "आठ मिनिटं."

त्याच्या आईंना मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांचं पूर्ण समाधान झालेलं नाही. "तुम्हीपण त्याच्याच बाजूचे निघालात," असं म्हणाल्या, पण जाताना मनगटाच्या पट्ट्या कुठे मिळतात ते विचारून गेल्या.