पुरुषांचे मनःस्वास्थ्य आणि डोंगरवाट : उपचाराला जोड, पर्याय नव्हे

नवी दिल्ली - राजधानीच्या दक्षिण भागातील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून बदलीवर आलेली कुटुंबे येथे शेजारी म्हणून राहतात. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि सफदरजंग ही देशातील दोन मोठी रुग्णालये येथून जवळच आहेत. मानसोपचाराची सोय इतकी निकट असतानाही मनाने खचलेला पुरुष त्या दारापर्यंत जातो का, हा प्रश्न मात्र अंतराचा नाही, संकोचाचा आहे. हा संकोच दूर करण्यासाठी मार्गदर्शकासह सामूहिक पदभ्रमणाचा उपाय अलीकडे अनेक देशांत अवलंबला जात आहे. भारताच्या संदर्भात त्याचे मोल आणि त्याच्या मर्यादा या दोहोंचा विचार आवश्यक ठरतो.

या विषयाचे गांभीर्य आकडेवारीतून स्पष्ट होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांत पुरुषांची संख्या १ लाख २२ हजार ७२४ होती, म्हणजे दर दहा मृतांमागे सात पुरुष. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक पहिला असून तेथे २२ हजार ७४६ मृत्यूंची नोंद झाली. कौटुंबिक समस्या आणि आजारपण ही दोन प्रमुख कारणे नमूद करण्यात आली आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये मानसिक विकारांचे प्रमाण १०.६ टक्के आढळले होते. बहुतेक विकारांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचेही त्यातून निष्पन्न झाले.

पुरुष उपचारांपर्यंत का पोहोचत नाहीत, याची कारणे आपल्या घरांत शोधावी लागतील. रडणे हे बायकी लक्षण, कर्त्या माणसाने डगमगू नये, घरातील गोष्ट घरातच राहावी, हे संस्कार मुलगा लहानपणापासून ऐकतो. बदलीच्या नोकरीत त्यात आणखी भर पडते. आई-वडील गावी, बालमित्र दूर आणि ओळख केवळ पदनामापुरती. कार्यालयातील सहकाऱ्याशी मन मोकळे करावे, तर गोपनीय अहवालाची धास्ती. निवृत्तीबरोबर सरकारी निवासस्थानही सोडावे लागते, तेव्हा पद, शेजार आणि दिनक्रम ही तिन्ही एकाच वेळी सुटतात.

अशा पुरुषाला 'डॉक्टरकडे चला' म्हटले, तर तो नकार देतो. 'रविवारी डोंगरावर चला' म्हटले, तर कदाचित येतो. पदभ्रमणाच्या उपक्रमामागील तर्क इतका साधा आहे. समोरासमोर बसून बोलताना अवघडणारा माणूस बरोबरीने चालताना सहज बोलतो. नजर वाटेवर असते, मधली शांतता खटकत नाही. चढणीवर पाणी देणे, निसरड्या जागी हात देणे यातून मदत मागण्याची आणि स्वीकारण्याची सवय नकळत लागते. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या पुरुषांच्या सामूहिक कार्यशाळांमागेही हातांना काम आणि बरोबरीला सोबत हेच सूत्र होते. ब्रिटनमधील हॅलिफॅक्स येथे २०१६ मध्ये अँडीज मॅन क्लब ही संस्था स्थापन झाली. एका तरुणाच्या आत्महत्येनंतर त्याच्या आप्तांनी ती उभी केली आणि दर सोमवारी सायंकाळी पुरुषांच्या विनामूल्य बैठका भरवण्याची प्रथा पाडली.

डोंगरवाटेच्या परिणामाचा वैद्यकीय अभ्यासही झाला आहे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या २० रुग्णांचा समावेश होता. नऊ आठवडे त्यांना देखरेखीखाली नियमितपणे डोंगरात चालवण्यात आले. या काळात त्यांची निराशा आणि नैराश्य घटल्याचे दिसून आले. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या २१८ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातही चालणे किंवा धावणे, योग आणि ताकदीचे व्यायाम नैराश्यावर उपयुक्त ठरत असल्याचे आढळले.

मात्र, या निष्कर्षांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. साल्झबुर्गमधील रुग्णांची संख्या अल्प होती आणि त्यांच्यावर तज्ज्ञांचे लक्ष होते. एका सहलीने आजार बरा होतो, असा दावा त्यातून करता येत नाही. तीव्र नैराश्यात अंथरुणातून उठणेही कठीण होते; अशा रुग्णाला डोंगराचे आमंत्रण म्हणजे आणखी एका अपयशाची भीती वाटू शकते. सोबत्यांनी 'मन घट्ट कर' एवढाच सल्ला दिला, तर ज्या संस्कारांनी तो मुका झाला तेच डोंगरमाथ्यावर पुन्हा ऐकवले जातील.

सुरक्षिततेचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रताल मार्गावर खराब हवामानात सापडलेल्या पथकातील ९ जणांचा मृत्यू झाला. त्यामुळे मन हलके करण्यासाठी हिमशिखरे गाठण्याची गरज नाही. दिल्लीकरांसाठी अरवलीच्या रांगेतील संजय वनाच्या पायवाटा आणि महाराष्ट्रात गावालगतची टेकडी पुरेशी आहे. शिखरापेक्षा सातत्य महत्त्वाचे. गटात मद्याला मज्जाव, प्रथमोपचार जाणणारा वाटाड्या आणि धोक्याची लक्षणे ओळखून तज्ज्ञाकडे नेणारी व्यक्ती, एवढी पथ्ये तरी पाळलीच पाहिजेत.

यापेक्षा मोठी मर्यादा सामाजिक आहे. २०२२ च्या अहवालात आत्महत्या केलेल्यांपैकी २६.४ टक्के व्यक्ती रोजंदारीवर काम करणाऱ्या होत्या. ज्याचा रविवारही मजुरीत जातो, त्याला पदभ्रमणाची फुरसत कोठून मिळणार? सरकारी वसाहतीतील कर्मचाऱ्याला निदान साप्ताहिक सुटीची शाश्वती आहे. बांधकामावरील मजूर आणि कर्जबाजारी शेतकरी यांच्यासाठी सोबतीची ही रचना कामाच्या ठिकाणी, पारावर किंवा भजनी मंडळातच उभी करावी लागेल.

कायद्याची आणि शासनाची चौकट आज उपलब्ध आहे. मे २०१८ पासून अमलात असलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली होती, असे गृहीत धरले आहे. तिला उपचार आणि पुनर्वसन पुरवण्याची जबाबदारी सरकारवर आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते आणि मराठीतूनही बोलता येते. त्याच वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय धोरणात आत्महत्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण २०३० पर्यंत १० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे.

हे उद्दिष्ट केवळ रुग्णालयांच्या बळावर गाठता येणार नाही. घर आणि रुग्णालय यांच्यामध्ये सोबत्याची एक पायरी असावी लागते, आणि सामूहिक पदभ्रमण ती पायरी होऊ शकते. सलग दोन रविवार न आलेल्या माणसाच्या दारावर तिसऱ्या दिवशी कोणीतरी थाप मारली, तरच त्या उपक्रमाचे सार्थक झाले, असे म्हणता येईल.