‘परत घेत नाही’ हे ॲपचं म्हणणं, कायद्याचं नाही

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या तमाम ग्राहकांनो,

गोरेगावच्या एका महिलेने ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्लिपकार्टवरून एनर्जी ड्रिंकच्या पावडरीचे १३ डबे मागवले. किंमत ४,६४१ रुपये. डबे आले, पण रंग-पोत वेगळा आणि क्यूआर कोडचा पत्ता नाही. माल बनावट असावा म्हणून परत करायला गेल्या, तर ‘नो रिटर्न पॉलिसी’ पुढे आली. बहुतेकांनी इथे नाद सोडला असता. त्या मुंबई उपनगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेल्या. २०२४ मध्ये आयोगाने अशा अटीला अनुचित व्यापारी प्रथा ठरवलं. पैसे ९ टक्के व्याजासह परत करा, शिवाय १० हजार भरपाई द्या, असा आदेश कंपनी आणि विक्रेता दोघांना झाला.

ॲपवरची माल परत करायची सात दिवसांची मुदत कंपन्यांनी आपल्या सोयीने ठरवलेली असते. ग्राहक संरक्षण कायदा तक्रारीला दोन वर्षं देतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष, बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. (लग्नात मिरवून आणलेली साडी दुसऱ्या दिवशी परत पाठवणाऱ्यांची वकिली आम्ही करत नाही.)

तेव्हा विनंती अशी, की ‘जाऊ दे, हजार रुपयांसाठी कोण भांडणार’ असं म्हणू नका. अटी टिकतात त्या याच ‘जाऊ दे’वर. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथेही अडलं तर आयोग आहेच. आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय बंगळुरूत असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते.

सोसायटीच्या कमिट्यांनी १९१५ हा क्रमांक सूचना फलकावर लावावा, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना तक्रार लिहून द्यावी. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा, बिल उतरवून घ्या. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हे कंपनीचं ठरलेलं उत्तर असतं, म्हणून तक्रारीत कंपनी आणि विक्रेता दोघांनाही प्रतिवादी करा. विक्रेत्याचं नाव-पत्ता बिलावर सापडेल.

— उपनगरांतील काही ग्राहक