जुन्या घड्याळाचा पट्टा

वडिलांचें मनगटी घड्याळ उत्तम चालत असतें, पण पट्टा तुटून पेटींत पडलेला असतो. साध्या घड्याळास ही अडचण मोठी नव्हे; दोन कानांमधील अंतर, बहुधा १८ किंवा २० मिलिमीटर, मोजलें कीं काम भागतें. ओमेगानें १९८२ सालीं 'कॉन्स्टेलेशन मॅनहॅटन' हा नमुना काढला, त्याची गोष्ट निराळी. त्यास पट्ट्याचें टोक खास घाटाचें लागतें. बाजारांतील सरळ पट्टा तेथें बसत नाहीं, आणि ती पहिली पिढी तर केव्हांच बंद झाली.

मग दूरदेशींच्या विक्रेत्याचा 'अस्सल' पट्टा मागविण्याचा मोह होतो. पण चामड्यावर नांवाचा छाप उमटविणें कितीसें कठीण! शिवाय मगरीचें चामडें असेल तर वन्यजीवांच्या व्यापाराविषयींच्या १९७३ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे दाखले लागतात. भारत त्यांत १९७६ पासून सामील आहे.

आमच्या मतें अस्सलपण जपावयाचें तें बकलाचें. चामडें घामानें जावयाचेंच; धातूचें बक्कल राहतें. म्हणून तें, आणि पट्ट्याचे फाटके तुकडेहि, वाचकांनीं टाकूं नयेत. (आमच्याकडील आवराआवरींत अशा वस्तू प्रथम केरांत जातात!) आधीं ओमेगाच्या अधिकृत दुकानीं घड्याळ दाखवून चौकशी करावी. तेथें नकार मिळाल्यास जुना तुकडा नमुना म्हणून देऊन कुशल कारागिराकडून बिननांवाचा पट्टा शिववावा व मूळ बक्कल त्यास चढवावें. पट्टा बकलाकडे निमुळता होत जातो. तेव्हां दोन्हीं टोकांचीं मापें कारागिरास निरनिराळीं द्यावीं.