रजा नसलेल्या धंद्यातले ऑपरेशन



खुबा दुखतो म्हणून कोणी शेती थांबवत नाही. आधी जांघेत कळ येते. मग धुरा ओलांडताना पाय उचलत नाही, मग खाली बसले की उठायला काठी लागते. मेडिकलच्या दुकानातून गोळ्या येतात. पेरणी होते, डवरणी होते, वेचणी होते. गोळ्या चालूच राहतात. असे दोन-तीन हंगाम काढून माणूस मोठ्या दवाखान्यात जातो, तेव्हा फोटोत खुब्याचा गोळा आणि त्याची उखळी घासून गेलेली दिसते. रोजच्या गोळ्यांनी कधी कधी मूत्रपिंडालाही इजा झालेली असते. डॉक्टर सांगतात, खुबा बदलावा लागेल. घरात पहिली चर्चा पैशाची होते. दुसरा प्रश्न तितकाच मोठा आहे, पण तो कोणी मोठ्याने विचारत नाही : तीन महिने काम कोण करणार?

कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला हा प्रश्न इतका छळत नाही. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या योजनेत आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. कोरडवाहू शेतकऱ्याचे ९१ दिवस कोणाच्याच वहीत नाहीत. राज्य शासनाची शेतकरी अपघात अनुदान योजना आहे. तीत अपघाताने एक पाय निकामी झाला तर १ लाख रुपये मिळतात. पण तोच पाय तीस वर्षे औतामागे चालून, ओझी वाहून झिजला तर तो अपघात ठरत नाही. कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्च काढताना औतांचा घसारा धरतो, घरच्या माणसांची मजुरीही धरतो. औत धरणाऱ्याच्या हाडांचा घसारा धरण्याचा रकाना मात्र त्या तक्त्यात नाही. याविषयी आम्ही बोलत राहूच. पण ज्याचा खुबा आज दुखतो आहे त्याला आयोगाची वाट पाहता येणार नाही.

म्हणून पुढचे बोलणे सरळ कामाचे आहे.

एक फरक सगळ्यांनी ध्यानात ठेवावा. म्हातारे माणूस न्हाणीत घसरून खुब्याचे हाड मोडले, तर हंगाम पाहायचा नाही. ते ऑपरेशन जमेल तर एक-दोन दिवसांत व्हावे लागते. मालिश आणि पट्ट्या करत अंथरुणात ठेवलेले माणूस न्युमोनियाने, पाठीच्या जखमांनी खचते. झिजलेल्या खुब्याचे तसे नाही. त्याची तारीख डॉक्टरांशी बोलून आपण ठरवू शकतो, आणि ती पिकाकडे पाहून ठरवावी. तरण्या पोराचा खुबा दुखत असेल तर मात्र थांबू नका. सिकलसेल असलेल्यांच्या खुब्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरते. विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे. लवकर सापडले तर काही वेळा खुबा वाचवता येतो.

कापूसवाल्याने शेवटचा वेचा घरात आला, पऱ्हाटी निघाली, की फेब्रुवारीअखेर धरावी. फरदडीच्या चार बोंडांसाठी ऑपरेशन पुढे ढकलणे हा तोट्याचा व्यवहार आहे. बोंडअळीही त्यातच पोसते. ऑपरेशननंतर बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच वॉकरवर उभे करतात. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. वॉकर किंवा काठी सहा आठवडे, म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत. मेअखेर तीन महिने भरतात. रब्बी ज्वारीवाल्याची काढणी-मळणी मार्चमध्ये आटोपते, त्याचे तीन महिने मृगातच संपतील. त्याने यंदाची पेरणी दुसऱ्याच्या हाताने होणार हे आधीच मान्य करावे. कापूसवाल्यानेही फार हुशारी करू नये. मृगात धुऱ्यावर उभे राहून सांगता येईल. तिफणीमागे ढेकळांतून चालणे, खताचे पोते उचलणे हे डॉक्टरांनी होय म्हटल्यावरच.

नांगरटी आणि वखराच्या पाळ्या नेमक्या याच काळात येतात. ट्रॅक्टर सांगायचा, सालगडी ठेवायचा की एक वर्ष शेत बटईने द्यायचे, हे दवाखान्यात जाण्याआधी ठरले पाहिजे. सोसायटीचे नवे-जुनेही मार्चअखेर येते. सह्यांचे काम आधीच उरकावे.

घराचीही तयारी लागते. नव्या खुब्याला उकिडवे बसणे, मांडी घालणे, खाली वाकून उचलणे चालत नाही. डॉक्टर मुभा देतील तेव्हाच, आणि उकिडवे बसणे तर बहुतेकांना कायमचे बंद. आपले सारे जिणे मात्र जमिनीवर. म्हणून उंच खाट, हाताची खुर्ची आणि मध्ये भोक पाडलेली शौचाची खुर्ची आधी करून ठेवावी. गावचा सुतार ती करून देईल. खर्रा आणि विडी निदान महिनाभर आधी बंद करावी, विडीने जखम उशिरा भरते. साखर आटोक्यात आणावी, किडका दात काढून घ्यावा. घरी आल्यावर ताप आला, जखम पाझरली किंवा पोटरी सुजली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मायबहिणींची गोष्ट वेगळी आहे. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून वेचणी त्यांची, उकिडवे बसून निंदण त्यांचे, चूल आणि पाणीही त्यांचेच. तरी घरात सर्वांत शेवटी ऑपरेशन होते ते त्यांचे. कापूस संपला की लग्नसराई, लग्न झाले की पेरणी. बाईच्या तीन महिन्यांत भाकरी कोण थापणार, उन्हाळ्यात पाणी कोण आणणार, याचे उत्तर सुनेकडे बोट दाखवून देऊ नये. पुरुषांनी हंडा उचलला तर काही बिघडत नाही. चूल ओट्यावर घ्यावी, म्हणजे नंतरही तिला उभ्याने रांधता येईल.

पैशाचे थोडक्यात. शासनाच्या २०२३ च्या निर्णयाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. पण योजनेतल्याच दवाखान्यात, आणि मंजुरी आधी. तिथल्या आरोग्यमित्राला भेटून खुब्याचे ऑपरेशन त्या दवाखान्यात योजनेतून होते का, ते विचारून घ्या. सावकाराकडे त्यानंतर जायचे की नाही ते ठरवा. हा खर्च वाया जात नाही : परदेशांतल्या नोंदींवरून २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या हिशेबानुसार बसवलेल्या शंभर खुब्यांतले ५८ पंचवीस वर्षे टिकतात. मात्र योजनेतून ऑपरेशन होईल. बुडालेली मजुरी कोणी देणार नाही.

ती उणीव आज गावच भरून काढू शकते. इर्जिक आपल्या बापजाद्यांनी विहिरीसाठी, नांगरटीसाठी केली. ऑपरेशन झालेल्याच्या शेताला दोन पाळ्या आणि एक पेरणी, एवढी इर्जिक प्रत्येक शाखेला झेपते. जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावात कोणाचा खुबा किंवा गुडघा ऑपरेशनला आला आहे, किती एकर आहे, घरात कामाचे हात किती, हे त्यांना विचारून कागदावर आणावे. बैल किंवा ट्रॅक्टर कोण देणार तेही त्याच कागदावर लिहावे. तारखा बैठकीतच लावू.