द्रोणांच्या शाळेतले अरुंद तोंडाचे कमंडलू

नेवाशाला प्रवरेच्या काठी १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली. गीतेचा पहिला श्लोक धृतराष्ट्राच्या तोंडी आहे. माझ्या आणि पांडूच्या मुलांनी रणांगणावर काय केले, एवढेच तो संजयाला विचारतो. तो कोणत्या मनःस्थितीत विचारतो, याबद्दल मूळ श्लोक काही बोलत नाही. ज्ञानेश्वर मात्र त्याचा प्रश्न सांगण्याआधीच श्रोत्यांना बजावतात, की हा राजा पुत्रप्रेमाने मोहित झालेला आहे. चूक करणाऱ्या एका मोठ्या माणसाच्या मनातले कारण मराठीत इतक्या थेटपणे मांडले गेले, ते नगर जिल्ह्याच्या भूमीवर.

रूढ कालगणनेप्रमाणे ज्ञानेश्वर तेव्हा पंधरा वर्षांचे होते. वडिलांनी संन्यास घेऊन पुन्हा संसारात येणे, त्यावरून समाजाने चारही भावंडांना वाळीत टाकणे, आई-वडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले जाणे, हे परंपरेने जपलेले चरित्र सर्वांना ठाऊक आहे. मोठ्यांच्या निर्णयांची किंमत मोजलेला हा मुलगा एका चुकलेल्या बापाचे मन ओळखतो आणि तरीही त्याला सोडत नाही. नवव्या अध्यायाच्या शेवटी संजय आनंदाने भारावतो, तेव्हा हा म्हातारा पुराच्या पाण्यात बसलेल्या रेड्यासारखा ढिम्म असल्याचे ज्ञानेश्वर स्पष्ट सांगतात. माया समजून घेतली, म्हणून आंधळेपणाला सूट मिळाली नाही.

आजची शाळकरी मुले-मुली वेगळ्या कथांच्या नादाला लागली आहेत. अतिमानवी शक्ती असलेल्या मुलांची शाळा, तिथले शिक्षक, तिथल्या स्पर्धा आणि वसतिगृहे अशा मालिका पाहून, कॉमिक्स वाचून ती थांबत नाहीत. त्याच पात्रांवर स्वतःच्या गोष्टी लिहितात. याला फॅन फिक्शन म्हणतात. या गोष्टींत मुले वारंवार मोठ्यांकडे वळतात. हा शिक्षक असा क्रूर का वागला? या बापाने मुलाला असे का वाढवले? ते वाचून आई-बाबा धास्तावतात. वाईट माणसाचे मन रंगवणारे मूल त्याच्या बाजूचे झाले की काय, अशी भीती त्यांना वाटते. ती अनाठायी नाही. पण त्या भीतीपोटी वही काढून घेणे चूक आहे.

वाईट माणसाच्या मनात शिरण्याचे काम व्यवसायाने लिहिणाऱ्यांनीही केले आहे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ साली ‘एक्स-मेन’ हे कॉमिक सुरू केले, तेव्हा प्रोफेसर झेवियरच्या शाळेसमोर उभा ठाकलेला मॅग्नेटो हा निव्वळ खलनायक होता. पुढे कथालेखनाची धुरा ख्रिस क्लेरमाँटकडे आली आणि १९८१ च्या १५० व्या अंकात मॅग्नेटोला बालपण मिळाले, आउशवित्झच्या छळछावणीतले. १९८५ च्या २०० व्या अंकात तर झेवियर आपली शाळाच त्याच्या हाती सोपवून जातो. दुसऱ्यांनी निर्माण केलेल्या पात्राच्या मनात शिरून क्लेरमाँटने त्याचा भूतकाळ लिहिला. नववीतली मुलगी वहीच्या मागच्या पानांवर तेच करते.

कोहेई होरिकोशी यांची ‘माय हीरो अकॅडेमिया’ ही जपानी चित्रकथा २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे चालली. तिच्यातला एंडेव्हर हा दुसऱ्या क्रमांकाचा नायक. पहिल्या क्रमांकाच्या ऑल माइटला आपण मागे टाकू शकत नाही, हे उमगल्यावर तो बर्फाची शक्ती असलेल्या स्त्रीशी लग्न करतो. आग आणि बर्फ दोन्ही ज्याच्या अंगी असेल असे मूल त्याला हवे असते. तसे मूल चौथ्या खेपेला जन्माला येते. तोवर थोरला मुलगा उद्ध्वस्त झालेला असतो. पुढे आईचेही भान हरपते आणि ती त्या लहानग्याच्या चेहऱ्यावर उकळते पाणी ओतते. कथा नंतर एंडेव्हरच्या मनात शिरते, त्याचा पश्चात्ताप दाखवते. पण त्याचा मुलगा नात्सुओ त्याला माफ करायला तयार होत नाही, आणि लेखक त्याला तसे करायला भागही पाडत नाही. बापाला कारण मिळाले, मुलाचा नकारही शाबूत राहिला. म्हणून ही कथा प्रामाणिक वाटते.

मराठी घरांत अशा शाळेची गोष्ट फार आधीपासून आहे. हस्तिनापुरातली द्रोणाचार्यांची शाळा ही दिव्य अस्त्रांचीच शाळा, आणि तिचा मुख्याध्यापक दोषांनी भरलेला. महाभारताचे आदिपर्व त्याची कारणे सविस्तर सांगते. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून द्रोणांचा लहानगा अश्वत्थामा रडतो. इतर मुले त्याला पाण्यात पीठ कालवून देतात आणि दूध प्यायलो म्हणून तो नाचू लागतो. बापाच्या काळजाला घरे पडावीत असाच हा प्रसंग. द्रोण जुना सहाध्यायी द्रुपदाकडे जातात, तर तो मैत्री बरोबरीच्यांतच होते असे सुनावून त्यांना वाटेला लावतो. हा अपमान आणि हे दारिद्र्य मनात घेऊन ते हस्तिनापुरात येतात. शिष्यांकडून गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदालाच पकडून आणवतात आणि त्याचे अर्धे राज्य घेतात.

त्याच आदिपर्वात आणखी एक बारीक प्रसंग आहे. त्याची चर्चा फारशी होत नाही. द्रोण शिष्यांना पाणी आणायला अरुंद तोंडाचे कमंडलू देत, म्हणजे ते भरायला वेळ लागे. स्वतःच्या मुलाला मात्र रुंद तोंडाचे भांडे. अश्वत्थामा लवकर परते आणि बाकीचे येईपर्यंत बाप त्याला जास्तीचे धडे देई. अर्जुनाला हे कळले आणि त्याने वारुणास्त्राने आपला कमंडलू झटपट भरायला सुरुवात केली. नळीसारख्या तोंडातून कमंडलू भरत बसलेल्या बाकीच्या मुलांचे काय, हे कुणी विचारत नाही. दूध न मिळालेल्या पोराच्या बापाला आपल्या पोरासाठी जास्त काही करावेसे वाटणे समजण्याजोगे आहे. पण त्या समजुतीची किंमत वर्गातल्या इतर मुलांनी मोजली. वर्गात जागाच न मिळालेल्या एकलव्याने तर अंगठा देऊन.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये द्रोण आणि अश्वत्थामा या बापलेकांवर स्वतंत्र लेख लिहिला, ‘परधर्मो भयावहः’. या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. द्रोणांची अगतिकता बाईंना दिसते, पण गुरुपदाच्या आदरापोटी त्या त्यांना पाठीशी घालत नाहीत. मराठी समीक्षेच्या या कठोर मायेची आज फार गरज आहे.

कादंबऱ्यांनी वेगळी वाट धरली. शिवाजी सावंतांच्या १९६७ च्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण अशा सहाजणांना बोलायला मिळते. द्रोणांना मिळत नाही. वि. स. खांडेकरांच्या १९५९ च्या ‘ययाति’मध्ये ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा स्वतःच्या तोंडून आपली कहाणी सांगतात. ज्याचे तारुण्य बापाने मागून घेतले, त्या पुरूला निवेदकाची जागा नाही. खांडेकर मोठे लेखक, त्यांची ही कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली, आणि ती वाचनीय आहेच. तरीही आज पुरूचे प्रकरण कुणा मुलाने लिहून पाहिले, तर त्यात खांडेकरांचा अवमान काहीच नाही. उलट कादंबरी जिथे गप्प राहिली, तिथे तिचा वाचक बोलता झाला.

एकलव्याच्या बाबतीत ही गोष्ट घडून गेली आहे. दलित कवितेने त्याला परंपरेतल्या आदर्श शिष्याच्या चौकटीतून बाहेर काढले आणि द्रोणांना जाब विचारला. द्रोण गरीब होते, राजघराण्याचे आश्रित होते, अर्जुनाला दिलेल्या शब्दाने बांधलेले होते, हे सगळे खरे धरूनही अंगठ्याचा हिशेब मिटत नाही, हे महाराष्ट्राला तिने ऐकवले.

मोठ्या माणसाला कारण द्यावे आणि सूट देऊ नये, हे जमवणारे मराठीतले एक फार मोठे पुस्तक नगर जिल्ह्याच्या माणसाने लिहिले आहे. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. १९७८ साली ‘बलुतं’ आले. त्यातला बाप मुंबईच्या गोदीत राबतो आणि दारूत बुडतो. गावकीने आणि शहराने त्याचे काय केले ते पवार दाखवतात, त्याची दारू झाकत नाहीत. पुढे स्वतः मोठे झाल्यावर पहिल्या पत्नीवर संशय घेऊन तिला सोडल्याचेही ते सांगतात, आणि इथे तर आपल्याला दोष देण्यात त्यांनी कसूर केलेली नाही. मुलाच्या नजरेने बापाकडे पाहणारा लेखक त्याच नजरेने स्वतःकडेही पाहू शकला, म्हणून ‘बलुतं’ वाचताना एकाही पानावर रदबदलीचा वास येत नाही.

सुपरहिरोंच्या शाळेवर गोष्ट लिहिणाऱ्या मुलीला मराठीच्या तासाला हे सगळे देता येईल. तिच्या गोष्टीतला दुष्ट मुख्याध्यापक लहानपणी कोणत्या अपमानातून गेला, हे तिने जरूर लिहावे. शिक्षकांनी तिला पुढचा प्रश्न विचारावा: त्याने ज्या विद्यार्थ्याला दुखावले, तो या पानानंतर कुठे गेला? बहुतेक वेळा तो विद्यार्थी गोष्टीतून नाहीसा झालेला असतो. मुख्याध्यापक रडला, सगळे त्याच्याभोवती जमले, आणि मार खाल्लेले मूल कोपऱ्यात उभे राहिले. मोठ्यांच्या साहित्यात, सिनेमात आणि घरातही हे रोज घडते, मुले तिथूनच ते शिकतात. वडिलांचा स्वभाव तापट आहे, त्यांनीही खूप सोसले आहे, हे वाक्य किती घरांत मार खाल्लेल्या पोरालाच ऐकवले जाते.

नगर जिल्ह्यातल्या शाळांनी येत्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, निबंधाचा नेहमीचा विषय बाजूला ठेवावा. आठवी-नववीच्या मुलांना द्रोणांच्या वर्गातली ती सकाळ लिहायला सांगावी: अश्वत्थामा रुंद तोंडाचे भांडे घेऊन परत गेला आहे, अर्जुनाने अस्त्राने कमंडलू भरून घेतला आहे, आणि उरलेल्या मुलांपैकी एकजण अजून नदीवर बसला आहे. गुरुजी असे का वागतात, याचा तो विचार करत आहे. त्याला पिठाच्या पाण्याची हकिगत माहीत आहे, असेही धरून चालावे. निबंध किती शुद्ध आहे याचे गुण वेगळे द्यावेत. जमलेले निबंध शाळेच्या वार्षिक अंकात नावासकट छापावेत आणि त्या दिवशी पालकांना बोलावून मुलांकडूनच वाचून घ्यावेत.