उलुरूच्या वाटेवर
ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून निघालेली गाडी स्टुअर्ट हायवेने दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटर जाते, एर्लडंडाला टाकी भरून घेते आणि लासेटर हायवेवर पश्चिमेला वळते. वाटेत सपाट माथ्याचा माउंट कॉनर दिसतो नि नवखे प्रवासी ‘आला, आला!’ म्हणत कॅमेरे काढतात. खरा उलुरू अजून तासाभरावर असतो. ३४८ मीटर उंचीचा हा वालुकाश्म त्यातल्या लोहाला गंज चढून तांबडा झाला आहे. इथल्या मूळनिवासी अनंगू लोकांना ही भूमी १९८५ मध्ये परत मिळाली, तरी त्यांच्या पवित्र खडकावर पर्यटक २०१९ पर्यंत चढतच राहिले. इतका उशीर व्हायला नको होता! आता लोक पायथ्याभोवती फिरतात आणि उलुरू पाहायची तीच खरी रीत, कारण पाणवठे, गुहा आणि त्यांतली जुनी चित्रं सगळी खालीच आहेत.